जुना यूएसबी होस्ट ड्रायव्हर नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ओढत न्यायचा की मेनलाइनचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ अधिकृत कर्नलमधला, घ्यायचा?

बोर्डवाला: आमचा एआरएम बोर्ड अजून लिनक्स २.६.३२ वर आहे, चिप कंपनीने दिलेला कर्नल, आता ६.१२ वर न्यायचाय आणि गाडी अडलीये यूएसबी होस्टपाशी. टीममधले निम्मे म्हणतात कंपनीची ईएचसीआयची (यूएसबी २.० होस्ट कंट्रोलरच्या स्टँडर्डची) ड्रायव्हर फाइल उचला, एकेक कंपाइल एरर काढत जा, होईल. माझा याला ठाम विरोध आहे. तेव्हा प्रत्येक चिपची फाइल थेट ईएचसीआयच्या मुख्य फाइलमधे इन्क्लूड व्हायची, ३.८ च्या सुमारास तो कोअर लायब्ररीसारखा वेगळा झाला, बोर्डाचं हार्डवेअर सी कोडमधे सांगणाऱ्या बोर्ड फाइली जाऊन तेच वेगळ्या वर्णनात सांगणारा डिव्हाइस ट्री आला, ४.१५ मधे टायमरची जुनी पद्धत गेली, मग जुन्या फाइलमधलं नव्या कर्नलवर पोर्ट (जुळवून) नक्की काय करणार? ईएचसीआयचे रजिस्टर स्टँडर्ड आहेत, म्हणून मेनलाइनचाच ड्रायव्हर घ्या. डिव्हाइस ट्रीत नोड लिहा, पत्ता, इंटरप्ट, क्लॉक, रीसेट, फाय (यूएसबीच्या तारेवरचे सिग्नल सांभाळणारा भाग), आणि फायचा छोटा ड्रायव्हर वेगळा करा.

फर्मवेअर_दादा: नाही पटलं. कंपनीने फाइल उगाच बदललेली नसते, त्यात सिलिकॉनच्या चुकांवरचे उपाय असतात आणि ते बऱ्याचदा डेटाशीटमधेही नसतात. रास्पबेरी पाय बघा, पहिल्या पायांमधे सिनॉप्सिस कंपनीचा ओटीजी (होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही होऊ शकणारा) यूएसबी कोअर, त्यासाठी मेनलाइनमधे डीडब्ल्यूसी२ ड्रायव्हर आला तरी त्यांनी स्वतःच्या कर्नलमधे होस्टसाठी जुना डीडब्ल्यूसी-ओटीजी ठेवलाच, कारण हबमागच्या कीबोर्ड-माउससारख्या हळू डिव्हाइसची स्प्लिट ट्रान्झॅक्शन (हबमार्फत दोन टप्प्यांत होणारी देवाणघेवाण) १२५ मायक्रोसेकंदांच्या मायक्रोफ्रेममधे सॉफ्टवेअरलाच साधावी लागतात, त्यासाठी एफआयक्यू (एआरएमचा जलद इंटरप्ट) वापरावा लागला. चालणारी गोष्ट टाकून द्यायला माझा हात धजत नाही.

बोर्डवाला: पायचं उदाहरण खरंय पण तो कोअर ईएचसीआय नाही, त्यात शेड्यूलिंगचं बरंच ओझं सॉफ्टवेअरवर पडतं, आपल्याकडे त्यातलं बरंचसं हार्डवेअर करतं. आणि तो वेगळा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलला त्यांनाच सांभाळावा लागतो ना? कर्नलच्या आतला एपीआय (ड्रायव्हर ज्या फंक्शनांवर चालतात ते) स्थिर ठेवणार नाही हे कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमननी कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधेच लिहून ठेवलंय. आपण चार-पाच माणसं, दर एलटीएसला (लांब मुदतीच्या कर्नल आवृत्तीला) हेच करत बसायचं का?

डिफवाली: दोघांनी आधी कंपनीच्या फाइलचा मूळ २.६.३२ शी डिफ (ओळीओळीतला फरक) काढा आणि मग भांडा. क्लॉक, रीसेट, जीपीआयओ असलं काही निघालं तर ते डिव्हाइस ट्री नि फाय ड्रायव्हरमधे जाईल. पण क्यूएच-क्यूटीडीच्या (ट्रान्सफरच्या रांगा मांडणाऱ्या) कोडला हात लागलेला दिसला तर दादांचं म्हणणं खरं, तो भाग नीट समजून घेऊन मेनलाइनवर छोटा पॅच म्हणून आणा. अख्खी फाइल मात्र नकोच.

फर्मवेअर_दादा: डिफ काढू, पण कंपनी टारबॉल (नुसती कोडची गठडी) देते, कुठली ओळ कशासाठी त्याचा इतिहास शून्य, त्यामुळे निरुपद्रवी दिसणारी ओळसुद्धा मी सहज सोडणार नाही. हबमागे फुल स्पीडचं साउंड कार्ड लावून रात्रभर चालवा, सस्पेंड-रिझ्यूम करत राहा, यूएसबीमॉनचे (यूएसबीवरची वाहतूक नोंदवणाऱ्या टूलचे) लॉग दोन्ही कर्नलवर घ्या. ते जुळेपर्यंत गिऱ्हाइकाच्या मशीनवर ६.१२ टाकायला माझी संमती नाही.