नवीन सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकायची? माझं मत डेबियन (फुकट मिळणारं लिनक्स), पटत नसेल तर कारणासकट सांगा

अंबडकर
मित्राचं नाशिकच्या अंबडला छोटं युनिट आहे, सीएनसीचं जॉबवर्क. त्यांच्या जुन्या सर्व्हरवर सेंटओएस ७ (हेही लिनक्सच) होतं, त्याचा सपोर्ट जून 2024 ला संपला तरी मशीन तसंच चालू होतं, आता नवीन टॉवर सर्व्हर घेतलाय. दोन एसएसडी, दोन मोठ्या हार्ड डिस्क. कामं म्हणाल तर ड्रॉइंग्जचं फाइल शेअरिंग, हजेरीचा डेटाबेस, रात्रीचा बॅकअप आणि टॅली.

मी डेबियन १३ टाका म्हणतोय. सेंटओएस ८ ला 2029 पर्यंत सपोर्ट असेल असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर 2020 मध्ये रेड हॅट कंपनीने सांगितलं की 2021 संपलं की बंद. एका कंपनीच्या एका निर्णयावर हजारो ऑफिसं लटकली. डेबियन कुठल्या कंपनीचं नाहीये, म्हणून असा झटका बसायची भीती कमी. व्हर्जन १३ हे ऑगस्ट 2025 मध्ये आलं, तीन वर्ष पूर्ण सपोर्ट आणि पुढे एलटीएस (वाढीव मुदतीचा सपोर्ट) धरून 2030 पर्यंत निवांत. आणि फर्मवेअरची (नेटवर्क कार्डासारख्या हार्डवेअरला लागणारं सॉफ्टवेअर) जुनी कटकटही गेली, व्हर्जन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.

सातपूर_सिस्टिम
दादा, टॅलीचं काय ते आधी सांगा. टॅली विंडोजवरचं सॉफ्टवेअर आहे, बाकी सगळं त्याच्या मागून. 20 तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं तेव्हा अकाउंटंट ताईंना तुमचं डेबियन किती स्टेबल आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना टॅली उघडलेलं पाहिजे. विंडोज सर्व्हर 2025 घ्या, 2034 पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत, म्हणजे तुमच्या डेबियनपेक्षा चार वर्ष जास्त. आणि उद्या तुम्ही नाशिकमध्ये नसाल तर? कॉलेज रोडला फोन केला की विंडोजवाला तासाभरात येतो, लिनक्सवाला शोधायला पुण्याला फोन करावे लागतात. हे मी मनापासून सांगतोय, कारण निस्तरायला शेवटी आमच्यासारख्यांनाच बोलावतात.

अंबडकर
खर्च पण सांगा ना मग. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स कमीत कमी १६ कोअरचं घ्यावं लागतं, त्यावर प्रत्येक वापरणाऱ्याचं किंवा मशीनचं कॅल (सर्व्हर वापरायचं लायसन्स) वेगळं. वीस-पंचवीस लोकांच्या युनिटला नुसत्या फाइल शेअर करायला एवढे पैसे का घालायचे, तेवढ्यात चांगला यूपीएस आणि बॅकअपच्या जादा डिस्क येतात.

सातपूर_सिस्टिम
विंडोज सर्व्हरचं इसेन्शियल्स एडिशन आहे की. २५ युजर, ५० डिव्हाइस, कॅल लागत नाही. डीलरला विचारा, सर्व्हरसोबतच मिळतं. फुकट आहे म्हणून लिनक्स हा मुद्दाच मला पटत नाही, माणसाचा वेळ कुठे फुकट असतो.

पिंपळगाव_पॅकहाउस
मी दोघांच्याही विरोधात. आमच्याकडे द्राक्षाचा सीझन जानेवारी ते एप्रिल, तेव्हा कंटेनरचे कागद अडले तर माल दारात उभा राहतो, त्यामुळे मी सर्व्हरकडे एकाच नजरेने बघतो, परत ओएस बदलायची वेळ किती वर्षांनी येणार. अल्मालिनक्स १० घ्या, रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणारं फुकट लिनक्स. 2025 ला आलंय, 2035 पर्यंत चालेल. रेड हॅटने जून 2023 मध्ये आपला सोर्स कोड देणं आखडतं घेतलं तेव्हा मलाही वाटलं आता संपलं, पण अल्मावाल्यांनी हुबेहूब नक्कल करायचा हट्ट सोडला, रेड हॅटवर चालणारं सॉफ्टवेअर चाललं पाहिजे एवढंच धरलं, आणि ते नीट चाललंय. डेबियनचं दर दोन-तीन वर्षांनी व्हर्जन उचलायचं काम कारखान्यात कोण करणार? कोणीच नाही, हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

अंबडकर
दहा वर्षांचा मुद्दा मान्य, पण दहा वर्ष हात न लावलेला सर्व्हर अकराव्या वर्षी उचलायला गेलं की काय होतं तेही बघा, सगळंच एकदम बदलावं लागतं. डेबियन एका व्हर्जनवरून पुढच्यावर जागच्या जागी नेता येतं, बॅकअप घेऊन एका सुट्टीच्या दिवसाचं काम.

गंगापूर_रोड
प्रॉक्समॉक्स टाका ना, एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम (आभासी मशीन) चालवतं ते, भांडण मिटलं. ते डेबियनवरच बनलंय. खाली प्रॉक्समॉक्स, वर एक व्हीएम लिनक्सचं फाइल्सला, एक विंडोजचं टॅलीला.

सातपूर_सिस्टिम
त्याने भांडण मिटत नाही, वाढतं. विंडोजचं लायसन्स तरीही घ्यायचंच, वर अजून एक थर सांभाळायचा. जिथे आयटीचा माणूस पगारावर आहे तिथे प्रॉक्समॉक्स उत्तम, अंबडच्या छोट्या युनिटमध्ये नको.

अंबडकर
यावर मी सातपूरवाल्यांच्या बाजूने आहे.

इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहूनच ठेवतो, कारण ही सगळीकडे राहते. दोन एसएसडीचं रेड १ (RAID, दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केलं की लोक निर्धास्त होतात, पण यूईएफआय बूटचं, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणारं, छोटं पार्टिशन त्या रेडमध्ये नसतं, इन्स्टॉलर ते एकाच डिस्कवर वापरतो. तीच डिस्क गेली तर डेटा दुसरीवर शाबूत असतो आणि मशीन मात्र सुरूच होत नाही. म्हणून पार्टिशन करतानाच दुसऱ्या डिस्कवर तेवढंच पार्टिशन काढून ठेवायचं, नंतर ग्रब (ओएस सुरू करून देणारा प्रोग्राम) तिथेही टाकायचा, आणि मग खरोखर पहिल्या डिस्कची केबल काढून मशीन चालू होतं का बघायचं. सॉफ्टवेअर निवडायच्या स्क्रीनवर डेस्कटॉपची खूण काढायची, एसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायला) ठेवायची. रूटचा (मुख्य अॅडमिनचा) पासवर्ड रिकामा सोडला की पहिल्या युजरला आपोआप सुडो, म्हणजे अॅडमिनचे हक्क, मिळतं. आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून नट (NUT, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं, म्हणजे लाइट गेली आणि बॅटरी उतरत आली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं, अंबडला पावसाळ्यात याची फार गरज पडते.

पिंपळगाव_पॅकहाउस
केबल काढून बघायचं एकदम बरोबर. हे अल्मावरही तसंच करावं लागतं. पण टॅलीचं उत्तर तुम्ही अजून दिलेलंच नाही.

अंबडकर
टॅली वेगळ्या साध्या पीसीवर, विंडोज ११ प्रो, अकाउंट्सच्या केबिनमध्ये. सर्व्हरवर डेबियनच.

सातपूर_सिस्टिम
म्हणजे कंपनीतला सगळ्यात महत्त्वाचा डेटा तुम्ही सगळ्यात कच्च्या मशीनवर ठेवताय, एकच डिस्क, यूपीएस घरगुती. मला हे अजिबात पटलेलं नाही. त्या पीसीचा बॅकअप कोण घेणार?

अंबडकर
डेबियनच घेणार. रात्री टॅली बंद असताना डेटाचं फोल्डर सर्व्हरवर ओढून घ्यायचं, तीस दिवसांच्या कॉप्या ठेवायच्या, आठवड्याची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर मालकांच्या घरी. तो पीसी मेला तर दुसऱ्या पीसीवर टॅली टाकून आदल्या दिवसापर्यंतचा डेटा उघडतो.

सातपूर_सिस्टिम
आदल्या दिवसापर्यंतचा. 20 तारखेला दुपारी मेला तर सकाळच्या एन्ट्र्या गेल्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अजून एक बॅकअप लावा, मग मी गप्प बसतो. विंडोज सर्व्हरवरचं मत मात्र बदललेलं नाही.

अंबडकर
जेवणाच्या सुट्टीतला लावतो, ताईंना टॅली बंद करून जायला सांगतो.