मदत हवी आहे: रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी हॅचबॅक घेताना मायलेजच्या आकड्याला किती वजन द्यावे?

नमस्कार,

रोजच्या वापरासाठी एक लहान, कमी पेट्रोल पिणारी हॅचबॅक घ्यायची आहे. गाडी मुख्यतः शहरातच, एका वेळी पाच-सहा किलोमीटर आणि तीही सिग्नल व कोंडीतून चालेल. हमरस्त्यावर ती क्वचितच जाईल. पहिला पर्याय टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाचा आणि मॅन्युअल गिअरचा आहे, दुसरा 1.0 लिटर टर्बो ऑटोमॅटिकचा, तर तिसरा फुल हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनाला बॅटरीवर चालणाऱ्या मोटरची जोड असलेली गाडी), जो या दोन्हींपेक्षा बराच महाग पडतो.

मायलेजचे आकडे लिटरमध्ये मांडून पाहिल्यावर थोडा गोंधळ झाला. महिन्याला 1000 किमी धावणाऱ्या गाडीचे मायलेज 15 वरून 20 वर गेले, तर सुमारे 17 लिटर पेट्रोल वाचते. मात्र 20 वरून 25 वर गेले, तर बचत 10 लिटरच होते. माझा वापर याहूनही कमी असल्यामुळे हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे कधी वसूल होतील, अशी शंका वाटते. शिवाय डब्ल्यूएलटीपी या इंधनवापर मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीत गाडी 23 किमीहून थोडे अधिक अंतर ताशी सुमारे 46 किमी या सरासरी वेगाने धावते, तर माझ्या फेरीत इंजिन पुरते तापायच्या आतच गाडी थांबलेली असेल. अशा वापरात कोणते इंजिन योग्य ठरेल, आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमके काय पाहावे? (विक्रेते बहुधा मोकळ्या रस्त्यावरच फेरी मारून आणतात.)

प्रतिसाद:

आपला हिशेब बरोबर आहे, परंतु कोंडीत तिन्ही गाड्यांचे मायलेज सारखे घसरत नाही, हे त्यात धरलेले नाही. साध्या गाडीत ब्रेक दाबला की मिळवलेला वेग उष्णता होऊन वाया जातो, तर हायब्रिडमध्ये त्यातला काही भाग मोटरमार्फत बॅटरीत परत जातो, आणि कूर्मगतीने सरकताना इंजिन बंदही राहू शकते. म्हणून छापील आकड्यांऐवजी शहरात चालवणाऱ्यांनी टाकी काठोकाठ भरून, पुन्हा भरेपर्यंतचे अंतर मोजून काढलेले आकडे मिळवावेत. तरीही थंड इंजिनाचा प्रश्न हायब्रिडलाही सुटलेला नाही, कारण धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी तिचेही इंजिन सुरुवातीला चालते.

टर्बोचा पर्याय मी आपल्या वापरासाठी बाजूला ठेवला असता. त्याचा जोर हमरस्त्यावर कामाला येतो. उलट ते इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) असेल आणि सतत थंडच चालले, तर न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळण्याचा धोका वाढतो. गाडी कोणतीही घेतली, तरी ऑइल किलोमीटर भरण्याची वाट न पाहता मुदतीनुसार बदलावे.

टेस्ट ड्राइव्हसाठी इंजिन थंड असतानाच गाडी मागावी, एसी चालू ठेवावा, चार जणांना बसवून चढावर थांबून पुन्हा निघावे, आणि तीन सिलिंडरचे इंजिन असल्यास उभ्या गाडीत स्टिअरिंगवर जाणवणारी थरथर आपल्याला रोज चालेल का, तेही पाहावे. मॅन्युअल गाडीचा क्लच तर कोंडीतच तपासावा, कारण दहा मिनिटांनंतर पाय काय म्हणतो, ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. मागच्या आसनावर नियमितपणे कोण बसणार आहे, हे आपण कळवल्यास उरलेल्या दोन पर्यायांबद्दल अधिक नेमके सांगता येईल.