सिस्ट नेमाटोड : गाठ, कोष की पुटी?

रानवाट : गहू आणि बार्लीच्या मुळांवर जगणाऱ्या हेटेरोडेरा अव्हेनी या सिस्ट नेमाटोडबद्दल मराठीत लिहिते आहे. नेमाटोडसाठी 'सूत्रकृमी' शेतकऱ्यांच्याही तोंडी रुळलाय, त्यामुळे तो नक्की. अडले ते 'सिस्ट'पाशी. 'गाठ सूत्रकृमी' म्हणावे का?

काळीमाती : गाठ नको, कळकळीने सांगतो. डाळिंब, टोमॅटोवाल्यांना मुळांवरच्या गाठी म्हटले की मेलॉइडोगायनीच आठवणार. तो मूळगाठ सूत्रकृमी, आणि तिथली गाठ मुळाच्याच पेशी फुगून होते. इथली सिस्ट झाडाची नाहीच. मादी मुळात तोंड खुपसून बसते, अंग फुगत फुगत लिंबाच्या आकाराचे होते आणि मुळाबाहेर खसखशीहून लहान पांढरा ठिपका दिसू लागतो. ती मेली की तिचीच कातडी टणक, तपकिरी होते. आत शेकडो अंडी, यजमान पीक नसले तरी काही वर्षे तग धरणारी. सिस्ट म्हणजे मेलेल्या आईचे शरीर आहे हो.

रानवाट : हे वाचून अंगावर काटा आला. मग 'कोष'?

जुनीपोथी : रेशीमकिडा कोष स्वतः विणतो. इथे विणलेले काहीच नाही, म्हणून मला 'पुटी' पटते. पुट म्हणजे पोकळ, सामावून घेणारी जागा : नासापुट, ओष्ठपुट, संपुट. ग्रीक 'किस्टिस'चा अर्थही पिशवी, मूत्राशय. अनेकवचन 'पुट्या' करा, जिभेला सोपे जाते.

काळीमाती : पुटीला माझेही मत. या सूत्रकृमीमुळे पिकाला होणाऱ्या रोगाला राजस्थानात 'मोल्या' म्हणतात. भारतातली पहिली नोंद १९५८ची, सीकर जिल्ह्यातली. मोल्या हे रोगाचे नाव, किड्याचे नव्हे, तेवढे जपा. ते भाषांतरित करू नका, तसेच ठेवा.

जुनीपोथी : आणि 'तृणधान्य पुटी सूत्रकृमी' म्हटले की 'तृण' आपोआप आलेच. गहू, बार्ली, ओट सगळी गवताच्याच कुळातली. 'अव्हेना' म्हणजे ओट, त्यावरूनच प्रजातीचे नाव.

काळीमाती : जंगली ओटवरही तो वाढतो. गव्हाऐवजी मोहरी किंवा हरभरा घेतला तरी हे तण शेतात उभे राहिले, तर फेरपालटीचा फायदा घटतो.

रानवाट : मग वाक्य असे करते : 'उन्हाळ्यात खोल नांगरट केली की मातीतल्या पुट्या वर येऊन उन्हात तापतात आणि त्यांतली बरीच अंडी मरतात.'

जुनीपोथी : छान. 'पुट्या' अजिबात खटकत नाही.