केटामाइन थेरपीचं ट्रेनिंग: मुंबईत बसून घेऊन उपयोग आहे का?

दादरची_थेरपिस्ट
नमस्कार मंडळी. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टर्ड, दादरला प्रॅक्टिस. हल्ली क्लायंट केटामाइनबद्दल (मूळचं भुलीचं औषध, आता डिप्रेशनसाठीही देतात) विचारतात, कुणी रील बघितलेलं असतं, कुणाचा भाऊ न्यू जर्सीत असतो आणि तिकडे सर्रास मिळतं म्हणतो. अमेरिकेत लायसन्स असलेल्या थेरपिस्टसाठी केटामाइन-असिस्टेड सायकोथेरपीचे, म्हणजे औषध आणि बोलण्याची थेरपी एकत्र, असे कोर्स निघालेत, काही ऑनलाइन पण आहेत, फी डॉलरमध्ये बघून डोळे फिरले. तर हे सर्टिफिकेट घेऊन मी इथे नक्की काय करू शकते? आणि काहीच करता येत नसेल तर निदान शिकण्यासारखं काय आहे त्यात? कुणी केलंय का?

ठाण्याचा_सायकॅट्रिस्ट
ताई, स्पष्टच सांगतो, औषधाच्या बाजूला तुम्हाला हात लावता येणार नाही, कोर्स कुठलाही करा. केटामाइन आपल्याकडे शेड्यूल एक्स मध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) आहे, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतीत लागतं आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. 2011 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येतं. शिवाय 2017 च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टचं कलम 106 वाचा, आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायचाच नाही असं त्यात आहे. आणि तिकडेही थेरपिस्ट औषध देत नाही हे लोक विसरतात, लिहून देणारा डॉक्टर वेगळाच असतो.

डिप्रेशनसाठी साधं केटामाइन अमेरिकेतही ऑफ-लेबलच आहे बरं का, म्हणजे त्या आजारासाठी अधिकृत मान्यता नाही. 2019 ला एफडीएने (तिथली औषध नियंत्रण संस्था) मान्यता दिली ती एस्केटामाइन या केटामाइनच्याच एका प्रकाराच्या नाकातल्या स्प्रेला, तोही घरी न्यायचा नाही, क्लिनिकमध्येच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसायचं.

भूलवाला
सायकॅट्रीतला मी नाही, भूल देतो, पण हे औषध रोज हातात असतं म्हणून लिहितोय. भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगला आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय, श्वास बऱ्यापैकी चालू राहतो म्हणून ते सोयीचं. डिप्रेशनसाठी डोस बराच कमी, किलोला अर्धा मिलिग्रॅम, 40 मिनिटांत सलाईनमधून हळूहळू. तरी बीपी चढतं, मळमळतं, म्हणून उपाशीपोटी बोलवायचं, मॉनिटर लावायचा, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही म्हणजे नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. आमचे जुने सर शिकवायचे की केटामाइन देण्याआधी पेशंटशी शांतपणे बोला, काहीतरी बरं आठवायला सांगा, ऑपरेशन थिएटरमध्ये गोंगाट नको. घाबरलेल्या माणसाला तसंच दिलं की उठताना तो किंचाळत उठतो. म्हणजे बोलण्याचा फरक पडतो हे आम्हाला थेरपी वगैरे कळायच्या आधीपासून माहीत आहे, फक्त त्याला कुणी सर्टिफिकेट देत नव्हतं 😀

अंधेरी_ईस्ट
मी असा एक कोर्स अर्धा केलाय, पुढचं प्रत्यक्ष शिबिर तिकडे जाऊन होतं ते जमलं नाही. सांगण्यासारखं असं की औषधाच्या सेशनपेक्षा आधीच्या आणि नंतरच्या सेशनवरच सगळा भर. आधी माणसाची नीट हिस्टरी, कधी सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झालाय का, अपेक्षा काय, भीती काय. डोळ्यावर पट्टी, संगीत, आणि थेरपिस्टने गप्प बसायचं, हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड, आपल्याला अर्थ लावायची घाई असते ना. मग पुढच्या एकदोन दिवसांत त्या अनुभवावर बोलायचं.

सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे स्पर्श आणि संमती. माणूस औषधाखाली असताना हात धरायचा का नाही हे आधी शुद्धीत असताना ठरवायचं, त्यावेळी विचारलेलं मोजायचं नाही. 2024 ला एफडीएने एमडीएमए (एक्स्टसी म्हणतात ते ड्रग) थेरपीला नकार दिला त्या सगळ्या प्रकरणात थेरपिस्टच्या गैरवर्तनाचा मुद्दाही चर्चेत होता, त्यामुळे हा भाग घासून शिकवतात.

एक मात्र, कोर्सवाले जेवढं छातीठोक बोलतात तेवढा पुरावा नाहीये. औषधाचा स्वतःचा पुरावा चांगला आहे, 2023 च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये सायकोसिस नसलेल्या, उपचार सुरू केलेल्या 365 पेशंटमध्ये केटामाइनला 55 टक्के आणि ईसीटीला (शॉक ट्रीटमेंट) 41 टक्के रिस्पॉन्स आला, पण त्यात थेरपी जोडलेलीच नव्हती. थेरपी जोडून जास्त फायदा होतो हे सांगणारे अभ्यास लहान आहेत. जुनं उदाहरण रशियातल्या क्रुपिट्स्कींचं, त्यांनी दारू सोडवायला केटामाइन आणि सायकोथेरपी एकत्र वापरली, 1997 च्या पेपरमध्ये वर्षभर दारूपासून लांब राहिलेले 66 टक्के, विरुद्ध नेहमीचे उपचार घेतलेल्यांत 24 टक्के असा आकडा आहे, पण रँडमाइज्ड नव्हतं ते, म्हणजे कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं नव्हतं.

नुसता_पेशंट
तज्ज्ञांच्या मधे बोलतोय, माफ करा. मी ही सलाईनं घेतलीत, मुंबईतच एका खासगी ठिकाणी, नाव नको. गोळ्या बदलून बदलून थकलो होतो. पहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करावीशी वाटली, ज्याला झालंय त्याला कळेल ही केवढी गोष्ट आहे. पण सलाईन चालू असताना कोपऱ्यात टीव्ही चालू, कुणीतरी शेअर मार्केटचं बघत होतं, आणि मला वाटत होतं मी छतात विरघळतोय. आधी कुणी सांगितलंच नव्हतं असं होतं म्हणून. मला वाटलं मेलो. आणि आठवड्याभरात असर उतरायला लागला तेव्हा माझ्या थेरपिस्टला हे मी घेतलंय हेच माहीत नव्हतं, कारण दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलतच नाहीत. ताई, कोर्स करा नाहीतर नका करू, पण निदान तुमच्या पेशंटच्या सायकॅट्रिस्टला फोन करा.

दादरची_थेरपिस्ट
पेशंटदादा, तुमचं वाचून बाकी सगळं बाजूला राहिलं. मग डॉलरचा कोर्स सध्या नको. माझे दोन क्लायंट ज्या सायकॅट्रिस्टकडे जातात त्यांनाच विचारते, तुम्ही केटामाइन देत असाल तर आधीचं आणि नंतरचं सेशन मी घेऊ का. ठाणेकर डॉक्टर, तुम्हाला कुणी असं विचारलं तर आवडेल का राग येईल?

ठाण्याचा_सायकॅट्रिस्ट
राग कसला, आमच्याकडे वेळच नसतो, ओपीडीत माणशी दहा मिनिटं मिळाली तर नशीब. फक्त आधी लेखी ठरवा, बीपी आणि औषध माझ्याकडे, बोलणं तुमच्याकडे, आत्महत्येचे विचार दिसले तर त्याच दिवशी मला फोन. नोट्स दोघांच्या फाईलला, अर्थात पेशंटची परवानगी घेऊन.

विक्रोळीकर
मधेच विचारतो, आईला बीपी आहे आणि डिप्रेशन पण, जिभेखाली ठेवायची केटामाइनची गोळी मिळते म्हणतात ती मागवली तर?

ठाण्याचा_सायकॅट्रिस्ट
अजिबात नको. अशा फार्मसीने स्वतः बनवून दिलेल्या केटामाइनबद्दल, खास करून ते घरी घेण्याबद्दल, एफडीएनेच ऑक्टोबर 2023 मध्ये इशारा दिलाय, आणि आईंचं बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर दवाखान्यातही आम्ही देणार नाही. आधी केईएम, नायर, सायन, जे जवळ पडेल तिथल्या सायकॅट्रीच्या ओपीडीत दाखवा, बीपीचे जुने कागद सोबत न्या. रात्री-अपरात्री जास्त वाटलं तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, मराठीत बोलता येतं.

विक्रोळीकर
सायन जवळ आहे. सोमवारी नेतो, धन्यवाद डॉक्टर.