शाळेच्या लॅबात लिनक्स हाताने बसवायचं की स्क्रिप्टने? माझं मत स्क्रिप्टनेच

वाळपईचे_सर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इथे गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या शाळांमधले कितीतरी पीसी विंडोज ११ च्या अटीत बसतच नाहीत, म्हणून आता बरेच जण डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकायला लागलेत, चांगली गोष्ट आहे. पण अजून शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनसमोर बसतात आणि भाषा, कीबोर्ड, टाइमझोन, पार्टिशन (डिस्कचे भाग) सगळं पुन्हा पुन्हा निवडतात. हे थांबायला हवं असं माझं स्पष्ट मत. डेबियनच्या इन्स्टॉलरला प्रीसीड फाइल देता येते, साधी टेक्स्ट फाइल, तो जे प्रश्न विचारणार त्यांची उत्तरं त्यात आधीच लिहून ठेवायची. वेळ वाचतो हे आहेच पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरीच. सरांची बदली झाली की लॅब कशी बसवली होती, मराठी फॉन्ट कुठले घातले, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड कसा चालू केला, हे मागे कुणालाच सांगता येत नाही. फाइल असली की नवीन माणूस ती उघडून वाचतो. प्रत्येक तालुक्यात अशी एक फाइल हवी आणि ती सगळ्यांनी मिळून सांभाळावी.

म्हापशेकर
सर, तळमळ कळते पण मला हे पटत नाही. प्रीसीडमध्ये पार्टमनच्या (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) कन्फर्म प्रश्नाला ट्रू लिहिलं की इन्स्टॉलर डिस्क पुसताना विचारत नाही, पुसून मोकळा होतो. आणि कुठली डिस्क? डेबियनच्या नमुना फाइलमध्ये पहिली सापडेल ती डिस्क घ्यायची युक्ती दिलीय, तीच लोक उचलतात. पहिली म्हणजे पेनड्राइव्हसुद्धा निघू शकते. पणजीतल्या एका ऑफिसात अशाच स्क्रिप्टने जुन्या हिशोबाची दुसरी डिस्क साफ झालेली मला ठाऊक आहे, बॅकअप नव्हता. समोर माणूस बसला असता तर साइज वाचून थांबला असता. शिवाय पोरांनी इन्स्टॉल बघायचं कधी? पार्टिशन म्हणजे काय हे ती त्या स्क्रीनवरच शिकतात.

काणकोणची_मेधा
म्हापशेकर दादा, तुम्ही सांगता तो धोका खरा आहे पण त्याला उपायही स्क्रिप्टमध्येच आहे ना. उबुंटू सर्व्हर या दुसऱ्या लिनक्सचं ऑटोइन्स्टॉल बघा, २०.०४ आवृत्तीपासूनचं, यॅमल नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलवर चालतं. बूट होताना कर्नलला (सिस्टिमचा गाभा) द्यायच्या ओळीत ऑटोइन्स्टॉल हा शब्द तुम्ही स्वतः घातला नाही तर फाइल मिळाली तरी डिस्कला हात लावण्याआधी ते थांबून विचारतं. डेबियनमध्ये अर्ली कमांड आहे, पार्टिशनच्या आधी चालणारी, तिथे शेलच्या (टाइप करून द्यायच्या कमांडच्या) चार ओळींत डिस्कचा साइज तपासा, एकापेक्षा जास्त डिस्क दिसल्या तर तिथेच थांबवा. तीस मशीन हाताने करताना विसाव्या मशीनला माणूस साइज वाचतच नाही हो, बोट आपोआप एंटरवर जातं, आणि त्या वेळी अडवायला कोणी नसतं. लिहिलेली अट मात्र प्रत्येक मशीनला तितक्याच काटेकोरपणे तपासली जाते.

बार्देश_नेटवर्क
एवढा खटाटोप कशाला, एक मशीन नीट तयार करा, क्लोनझिला या प्रोग्रामने डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा आणि बाकीच्यांवर मारा.

रात्रपाळी_फोंडा
क्लोन केलं की सगळ्यांच्या एसएसएच होस्ट की (दुरून लॉगिन करताना मशीन ओळखायची किल्ली) आणि मशीन आयडी सारख्याच येतात, त्या प्रत्येक मशीनवर नंतर बदलाव्या लागतात आणि तेच लोक विसरतात. त्यात देणगीत आलेली मशीन म्हणजे एक जुन्या बायोस पद्धतीने बूट होणारं, दुसरं नव्या यूईएफआयने, एका इमेजवर भागत नाही. मी सर्व्हरना फ्रीबीएसडी वापरतो, लिनक्ससारखीच पण वेगळी सिस्टिम. तिथे ९.० आवृत्तीपासून बीएसडीइन्स्टॉल हा इन्स्टॉलर आहे आणि त्याची इन्स्टॉलरकॉन्फिग फाइल मला सगळ्यात सरळ वाटते. वर डिस्क कुठली, बेस आणि कर्नल घ्यायचं का, एवढे व्हेरिएबल, मग शेल स्क्रिप्टची पहिली ओळ आली की त्याखालचं सगळं नव्या सिस्टिमच्या आत चालतं. ज्याला शेल येतं त्याला नवीन काही शिकावं लागत नाही. प्रीसीडमधली ती लांबलचक प्रश्नांची नावं पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि हाताने की स्क्रिप्टने हे भांडण रेड हॅट या लिनक्सवाल्यांनी कधीच सोडवलंय. तिथे हाताने इन्स्टॉल केलं तरी रूट म्हणजे मुख्य खात्याच्या फोल्डरात अॅनाकोंडाची किकस्टार्ट फाइल (तिथल्या इन्स्टॉलरची उत्तरांची फाइल) आपोआप पडते. पोरांना एक मशीन हाताने करू द्या, मग ती फाइल उघडून दाखवा की तू निवडलंस ते इथे असं उतरलं. शिकणंही झालं आणि पुढच्या मशीनची स्क्रिप्टही मिळाली.

म्हापशेकर
हे शेवटचं आवडलं. पण डेबियनच्या नव्या आवृत्तीत काही प्रश्न बदलतात, जुनी फाइल मध्येच अडकते, मग ती सांभाळणार कोण? नेटवर्कवरून बूट करणार असाल तर आणखी एक. बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क पहिलं राहिलं आणि मेनूत ऑटो इन्स्टॉल डिफॉल्ट असलं तर दुसऱ्या दिवशी पोरांनी पीसी चालू केला की परत सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल. आणि फाइल एचटीटीपीवर, म्हणजे वेबपानासारखी उघड, ठेवली तर पासवर्ड वर्गातल्या कुणालाही वाचता येईल.

वाळपईचे_सर
मेनूचा डिफॉल्ट लोकल डिस्कवरून बूट हाच ठेवायचा, इन्स्टॉल मुद्दाम निवडल्याशिवाय नाही, याबाबत मी तुमच्यासारखाच कडक आहे. नेट मंद म्हणून शाळेतल्याच एका मशीनवर अॅप्ट-कॅशर-एनजी लावायचा, तो उतरवलेली पॅकेज साठवून ठेवतो म्हणून ती एकदाच उतरतात. आणि पावसात इथे लाइट जाते हे तुम्हाला सांगायला नको, अर्धवट इन्स्टॉल पुन्हा पहिल्यापासून करायचं तर हाताने करणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. फाइल सांभाळायला माणूस लागणार हे मान्य, पण आवृत्ती बदलली की एका मशीनवर चालवून बघायची, कुठल्या प्रश्नावर अडकते ते स्क्रीनवरच दिसतं, तेवढी ओळ दुरुस्त करायची.

काणकोणची_मेधा
पासवर्डचं असं की साधा लिहायचाच नाही, क्रिप्टेड, म्हणजे गुप्त रूपातला हॅश, लिहायची सोय आहे. पण हॅशसुद्धा हुशार पोरगा फोडू शकतो म्हणून मी तिथे नुसतं उद्गारचिन्ह देते, तसं दिलं की त्या खात्यात पासवर्डने शिरणंच बंद राहतं. मग इन्स्टॉलच्या शेवटी चालणाऱ्या लेट कमांडने आपली एसएसएच पब्लिक की आत टाकायची. ती कोणी वाचली तरी बिघडत नाही.

म्हापशेकर
पासवर्डचं पटलं, मेधाताई. नव्या, एकाच डिस्कच्या मशीनना स्क्रिप्ट चालवा, माझी हरकत नाही. पण ज्या पीसीत जुना डेटा असलेली दुसरी डिस्क आहे तिथे कितीही अटी लिहा, मी ती डिस्क आधी केबल काढून बाजूला ठेवणार आणि हातानेच बसवणार, आणि सरांनी तालुक्याची फाइल बनवली तर तिच्या पहिल्या ओळीत हे लिहावं असा माझा आग्रह राहील.