मदत हवी आहे: डॉपलर व्हीओआरचं डेव्हिएशन बदललं तर बेअरिंग चुकतं का?

सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्स) रेडिओ नॅव्हिगेशनच्या पेपरची तयारी चालू आहे, एका ठिकाणी अडलोय.

साध्या व्हीओआरमध्ये (विमानाला स्टेशनपासूनची दिशा, म्हणजे बेअरिंग, कळवणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन) 30 हर्ट्झचा रेफरन्स सिग्नल 9960 हर्ट्झच्या सबकॅरियरवर (मुख्य लहरीवर बसवलेल्या दुय्यम लहरीवर) एफएम करून येतो आणि दिशेप्रमाणे बदलणारा सिग्नल एएम असतो, डॉपलरमध्ये हे बरोब्बर उलटं, आणि तरी विमानातला रिसीव्हर तोच चालतो कारण बाहेरच्या कड्यातले अँटेना उलट्या दिशेने फिरवल्यासारखे चालू-बंद करतात. किती सुंदर युक्ती आहे! इथपर्यंत नीट कळलंय, त्यामुळे ते परत समजावू नका प्लीज.

मग मी गणित करून पाहिलं. कड्याचा व्यास साधारण 13.4 मीटर, सेकंदाला 30 फेऱ्या, म्हणजे वेग जवळपास 1263 मीटर प्रति सेकंद. 113 मेगाहर्ट्झला डॉपलर शिफ्ट 476 हर्ट्झ येते, पुस्तकातल्या 480 हर्ट्झ डेव्हिएशनच्या (एफएममध्ये फ्रिक्वेन्सी मधल्या मूल्यापासून जास्तीत जास्त किती सरकते ते) अगदी जवळ. पण 108 ला तीच 455 आणि 117.95 ला 497 येते, शिवाय विमान स्टेशनच्या जवळ उंचावर असेल तर कोनामुळे अजून कमी व्हायला हवी ना?

कोचिंगच्या नोट्समध्ये फक्त 480 पाठ करायला दिलंय. माझ्या मते रिसीव्हर फक्त दोन सिग्नलमधला फेजचा फरक बघतो म्हणून बेअरिंगला धक्का लागत नसावा, पण खात्री नाही. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री नाहीये, बारावी सायन्सच्या लेव्हलला सांगितलं तर बरं.

तर डेव्हिएशन कमी-जास्त झाल्याने बेअरिंगमध्ये खरंच चूक येते का, आणि येत नसेल तर ते ठरावीक मर्यादेत ठेवायची गरज नक्की कशासाठी?