‘मुलींची’ शाखा, ‘मुलांची’ शाखा: प्रवेशाआधी काय तपासावं?

धागाकर्ती
१९३३ साली कमला भागवतांना (पुढे सोहोनी) बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी साफ नकार दिला, मग अटी घालून घेतलं. आता तोंडावर नकार कुणी देत नाही. तो बारीक अक्षरात असतो. कुठल्या अक्षरात, तेवढंच लिहा. मतं नकोत, आपली कहाणीही नको.

कॅपवाला
सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कटऑफ यादीपासून सुरुवात करा. ‘जीओपन’ आणि ‘एलओपन’ अशा वेगळ्या नोंदी दिसतात. ‘जी’ म्हणजे जनरल, ‘एल’ म्हणजे लेडीज. अभियांत्रिकीत ३०% जागा मुलींसाठी समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतल्या) आरक्षणाच्या असतात आणि मुलीचा विचार दोन्हींत होतो. नुसता ‘जी’चा आकडा बघून पालक कॉलेज यादीतून खोडतात, तिथेच पहिली चूक.

दुसरी चूक पसंतीक्रमात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ (पक्की) होते आणि पुढच्या फेऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. मुलीला हवं असतं मेकॅनिकल. घरचे ‘एसीत बसून काम’ म्हणून आयटी वर टाकतात. मिळालं की संपलं! फॉर्म लॉक करण्याआधी पहिली ओळ मुलीने स्वतः वाचावी.

‘मुलीवर एवढा खर्च?’ हा हिशेबही एकदा कागदावर मांडा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर. व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही, आणि मेस-वसतिगृह धरू नका.

अकरावीची बाई
त्याच्याही आधी, अकरावीतच, ‘तुला कुठे इंजिनियर व्हायचंय’ म्हणत गणित सोडायला लावतात. गणित गेलं की अभियांत्रिकी गेली, आणि एनडीएतलं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतलं) नौदल-हवाई दलही. एनडीए २०२२ पासून मुलींना खुली आहे. खडकवासल्याहून १७ जणींची पहिली तुकडी मे २०२५मध्ये बाहेर पडली. बायो हवंच असेल तर गणितासकट घ्या.

फिटिंग शॉप
‘मुलींना जोर नसतो’ हे वाक्य जिथे जन्मतं ती जागा दाखवतो: व्हाइस, म्हणजे धातूचा तुकडा घट्ट धरणारा बाकावरचा शिकंजा.

कार्यशाळेत पहिल्या वर्षी ५० × ५० × ६ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीचा जॉब असतो. कानस मारताना व्हाइसच्या जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला हवी. बाक सरासरी मुलाच्या मापाचे असतात. बुटक्या विद्यार्थ्याचा हात वर उचलला जातो, अंगाचं वजन कानशीवर येत नाही, सगळा भार खांद्यावर. कानस डुगडुगते, पृष्ठभाग मधे फुगीर होतो आणि गुण्याखाली (काटकोन तपासायच्या पट्टीखाली) उजेड दिसतो. निदेशक म्हणतो, जोर कमी पडला. पायाखाली चार बोटं उंचीची लाकडी फळी टाका आणि पुन्हा गुण्या लावून बघा. बुटक्या मुलांनाही हीच फळी लागते, पण त्यांच्याबद्दल ‘सवय होईल’ म्हणतात.

हॅकसॉचं पातं दात पुढे करून, ताणून बसवलेलं हवं. ढिलं असेल तर वाकडं जातं, आणि तेही मग जोराच्या खात्यात!

लेथवर हातमोजे अजिबात नकोत. ओढणी काढून ठेवायची, वेणी टोपीखाली. मुलींच्या मापाचे सेफ्टी बूट दुकानात पटकन मिळत नाहीत, सत्राआधीच मागवा.

प्रकल्पातली वाटणी मात्र शिक्षकांचं पाप. चौघांच्या गटात जर्नल आणि पीपीटी हमखास मुलीकडे, वेल्डिंग मुलांकडे. परीक्षेला ती ‘मशीन हाताळलं का?’वर अडकते. दर प्रात्यक्षिकाला कामं फिरवा आणि कोणी काय केलं ते हजेरीपत्रकातच लिहा.

कोळसा, चंद्रपूर
खाणीचं राहिलं. मायनिंगची पदवी मुलीला मिळत होती, पण खाण कायद्याचं कलम ४६ तिला जमिनीखाली काम करू देत नव्हतं. खाण व्यवस्थापकाचं डीजीएमएस (खाण सुरक्षा महासंचालनालय) प्रमाणपत्र दोन प्रकारचं: अनरिस्ट्रिक्टेड, आणि फक्त खुल्या खाणीपुरतं रिस्ट्रिक्टेड. पहिल्याला भूमिगत अनुभव लागतो, म्हणजे तो रस्ता बंदच. २९ जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ खाली जायची मुभा दिली; अटी होत्या लेखी संमती आणि एका वेळी किमान तिघी. सवयीने कॉलेज सुट्टीतल्या प्रशिक्षणाची मुलींची पत्रं खुल्या खाणीला काढतं. भूमिगत खाणीचं पत्र अर्ज देऊन मागा, तोंडी नको.

ब्रदर
उलट बाजू. मुलगा नर्सिंगला गेला तर ‘ब्रदर’ हाक मारतात, ती सोडा, जागा मोजा. एएनएम (सहायक परिचारिका) फक्त मुलींना. जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि बीएस्सी मुलांना खुलं आहे, पण पुण्याच्या एएफएमसीचं (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं) बीएस्सी नर्सिंग नाही. एम्सने नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ८०:२० प्रमाण २०१९मध्ये ठरवलं, २०% पुरुष.

प्रवेशाआधी कॉलेजला दोन गोष्टी विचारा. मुलांचं वसतिगृह आहे का? आणि प्रसूती कक्षातली पोस्टिंग मुलांना कशी मिळते? तिथे रुग्णाची संमती आणि सोबत स्त्री कर्मचारी लागते. गर्दीच्या दिवशी मुलांना ‘बाहेर थांबा’ सांगतात, आणि शेवटच्या वर्षी लॉगबुकात केसेस कमी निघतात. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यापासून वॉर्ड इन्चार्जची सही रोजच्या रोज घ्या.